डावा हात

नाव जुंबेर, वय एकाहत्तर.
फॉर्मवर 'भीती वाटते का?' या प्रश्नापुढे
त्याने आधी 'नाही' लिहिलं,
मग ते खोडलं,
मग खोडलेल्यावर पुन्हा गिरवलं.
मी काही बोलले नाही.
माझं काम लाळ ओढायची नळी धरायचं.

खिडकीखाली चियातुराची नदी,
पूर्वी खनिजाने काळी वाहायची,
आता नुसती करडी.
पलीकडच्या कड्यावरून तो आला होता
नव्या काचेच्या पाळण्यातून,
दोन्ही हातांनी दांडा धरून.
ज्याने चौतीस वर्षं डोंगराला भोकं पाडली, तो.

"ड्रिल मला शिकवू नका," म्हणाला,
"मी तिच्या मागे उभा राहिलोय.
खडक कसा ओरडतो ते ठाऊक आहे मला.
आज तुम्ही मला खडकाच्या जागी बसवताय."

डॉक्टर तामता हसली नाही.
म्हणाली, "डावा हात वर केलात की मी थांबेन."
हिरडीवर पीचच्या वासाचं मलम,
मग पेनाएवढी सुई,
आणि यंत्र थेंब मोजत बसलेलं,
टिक, टिक,
घाई नसलेल्या पाहुण्यासारखं.
तो डोळे मिटून वाट बघत होता
खाणीच्या दवाखान्यातल्या त्या यंत्राची,
पट्ट्यावर खडखडणाऱ्या,
खांदे दाबणाऱ्या दोन बायांची,
दाराबाहेर, पाळी यायच्या आधीच
रडू लागलेल्या धाकट्या भावाची.
त्यातलं कुणी आलं नाही.
दाढ कोरून झाली तरी तो वाटच बघत होता.
"एवढी वर्षं सांभाळलेली भीती," बोबड्या जिभेने म्हणाला,
"आता ठेवू कुठे?"

मग टोपीसाठी माप घ्यायचं निघालं
आणि तो ताडकन उठून बसला.
"ते गुलाबी पीठ नको.
बाकी काय ते करा. ते तोंडात नको."
आणि तिथेच, गळ्यात निळा रुमाल तसाच,
त्याने सांगितलं
बोगद्याचं छत कसं खाली आलं,
नऊ तास कसे गेले,
तोंडात माती इतकी
की आईचं नावही आत मावेना.
घरी कुणाला बोलला नव्हता.
मी नळी बंद केली. नीट ऐकू यावं म्हणून.

तामताने एक कांडी उचलली,
टोकाशी उजेड.
"पीठ आता नसतं. एवढंच आत जाईल."

पडद्यावर हळूहळू उभा राहिला जबडा,
एकेक कडा, एकेक घळ.
जुन्या सोन्याच्या दातापाशी
कॅमेरा जरा गोंधळला, पुन्हा मागे आला.
"हे तर आमचंच गाव," तो म्हणाला.
"इथून इथे पाळणा टाका."
त्या बोगद्यात दिवा घेऊन
पहिल्यांदाच कुणी उतरत होतं.

दोनदा त्याने हात वर केला.
दोनदा सगळं थांबलं.
पहिल्यांदा दुखलं म्हणून नव्हे,
खरंच थांबतं का, ते बघायला.
दुसऱ्यांदाही त्याचसाठी.

जाताना कोट चढवत विचारलं,
"हे सगळं तुमच्याकडे कधी आलं?"
"तीन वर्षं झाली."
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं.
नातेला, त्याची बायको.
लवंग दाबून रात्री काढायची,
द्राक्षाच्या दारूच्या गुळण्या,
हूं नाही की चूं नाही.
एकेक करत सगळे दात देऊन
मग स्वतः गेली.
मोजणं अर्ध्यात सोडून
त्याने मूठ मिटली
आणि पैसे दिले, सुट्ट्यांसकट.

संध्याकाळी मी ट्रे धूत होते.
वर जाणाऱ्या पाळण्यात एकटाच माणूस,
दांडा सोडून उभा,
डावा हात वर.
मला करत होता की कुणाला, कळलं नाही.
पाळणा काही थांबला नाही.
तो हात मात्र
कड्याआड जाईपर्यंत तसाच होता.